जपानीत ‘खाऊन बघा’ कसं म्हणतात? ओळख ‘ताबेरु’ या क्रियापदाची

निलंग्यात आलेल्या पाहुण्यापुढे निलंगा राइसची प्लेट ठेवली की ‘खाऊन बघा’ म्हटलं जातं. जपानी माणूसही हेच, याच क्रमाने म्हणतो: ‘ताबेते मिते कुदासाई’. ताबेते म्हणजे खाऊन, मिते म्हणजे बघा आणि कुदासाई हा विनंतीचा शब्द. मूळ क्रियापद आहे ‘ताबेरु’, म्हणजे खाणे.

रूपं कशी तयार होतात?

शेवटचा ‘रु’ काढायचा आणि पुढचे प्रत्यय जोडायचे:

- ताबेमासु: खातो, खाईन (उच्चार साधारण ‘ताबेमास्’)
- ताबेमासेन: खात नाही
- ताबेमाश्ता: खाल्लं
- ताबेमासेन देश्ता: खाल्लं नाही
- ताबेताई: खावंसं वाटतंय

मिरु (बघणे), नेरु (झोपणे) आणि ओकिरु (उठणे) हीसुद्धा अशीच चालतात. मात्र ‘रु’ने संपणारं प्रत्येक क्रियापद या गटातलं नसतं. काएरु (परतणे) याचं रूप काएरिमासु होतं.

वाक्यात कसं वापरायचं?

मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं. जे खायचं त्याच्यापुढे ‘ओ’ लावतात. जपानीत ‘ल’ नसल्याने त्याचा ‘र’ होतो: ‘वाताशी वा निरांगा राइसु ओ ताबेमासु’, म्हणजे मी निलंगा राइस खातो. प्रश्न विचारताना शेवटी चक्क ‘का’ लावायचा. ‘गोहान ओ ताबेमाश्ता का?’ म्हणजे ‘जेवलात का?’ गोहान म्हणजे भात, आणि जेवणसुद्धा.

मराठी माणूस कुठे चुकतो?

खातो, खाते, खातात असे भेद जपानीत नाहीत. सगळ्यांसाठी एकच ‘ताबेमासु’. भविष्यकाळही तोच, ‘आशिता’ (उद्या) असा शब्द आला की काळ कळतो.

आपण ‘गोळी खाल्ली’ म्हणतो, जपानीत मात्र औषध ‘पितात’. त्यामुळे डॉक्टरांना सांगताना ‘कुसुरि ओ नोमिमाश्ता’ असं म्हणायचं. तिथे ताबेरु चालत नाही.

‘खा’ आणि ‘घ्या ना’ यांतला फरक जपानीतही आहे. मोठ्या माणसाला किंवा ग्राहकाला आग्रह करताना ‘मेशिआगात्ते कुदासाई’ म्हणतात. स्वतःबद्दल मात्र ‘मेशिआगारु’ कधीच वापरत नाहीत. जेवायला सुरुवात करताना स्वतः म्हणायचा शब्द आहे ‘इतादाकिमासु’.

सुरुवातीला तक्ता पाठ करण्याऐवजी रोज जेवताना एक वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. वाक्याचा क्रम मराठीचाच असल्याने जीभ लवकर वळते.