भार टाकावा कुठे? ख्रिस्ती विश्वासाच्या अभ्यासाकडे येताना

‘विश्वास’ या शब्दाला मराठीत किती क्रियापदे जोडली जातात, हे वाचकांनी आधी एकदा आठवून पाहावे. विश्वास ठेवतात, टाकतात, कुणावर तो बसतो, कुणावरचा उडतो. यांतले ‘टाकणे’ मला फार बोलके वाटते. थकलेला माणूस देवावर भार टाकतो, तेव्हा तो कुठलेही तत्त्व सिद्ध करत नसतो. डोक्यावरचे ओझे तो उतरवून ठेवत असतो. मराठी बायबलमध्ये आणि आपल्या उपासनांमध्ये ‘विश्वास’ हाच शब्द रुजला; काही मंडळींत ‘श्रद्धा’ही चालतो. ख्रिस्ती जीवनात विश्वासाला एवढे मोल का, या प्रश्नाकडे तुम्ही नव्याने येत असाल, तर या साध्या क्रियापदापासून सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे.

मूळ भाषाही याच दिशेला बोट दाखवतात. जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘एमुना’ आणि प्रार्थनेअखेरचा ‘आमेन’ एकाच धातूचे. त्या धातूचा अर्थ पक्के असणे, स्थिर राहणे. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात हा शब्द चक्क हातांसाठी आला आहे. खाली लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात उंचावून उभा आहे. हात जड होऊन खाली येऊ लागतात, तेव्हा अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात, दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवतात आणि सूर्यास्तापर्यंत ते हात ‘एमुना’ राहतात. मला हे दृश्य कोणत्याही व्याख्येहून मोठे वाटते. विश्वास एकट्याच्या बळावर पेलावा लागतो, ही समजूत इथे गळून पडते. मंडळी कशासाठी असते, हेही इथेच कळते.

मराठी वाचकाचे भाग्य असे की या विषयाची दारे त्याच्या स्वतःच्या भाषेत उघडतात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते गोव्यात रायतूर येथे छापले गेले. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आले आणि ख्रिस्ती समाजाबाहेरच्या घरांतही पोहोचले. तरी नव्या वाचकाला मी आधी तत्त्वचर्चा देत नाही. माणसे देतो.

नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो रेल्वेच्या डब्यात, एका सहप्रवाशाकडून. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मार्ग मात्र वेगळा होता. पतीच्या निर्णयाने त्यांचे सारे जग मोडून पडले. ताटातूट झाली; पुढे पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. ते हळूहळू सुटत गेले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना वाचकांनी या मधल्या पाच वर्षांवर थांबावे, घाई करू नये. कुणाच्या हातचे पाणी प्यावे, चूल वेगळी असावी की एक, अशा घरगुती प्रश्नांतून तिथे विश्वास घडताना दिसतो. टिळकांना तो ग्रंथातून भेटला, लक्ष्मीबाईंना स्वयंपाकघरातून.

पंडिता रमाबाईंची साक्ष आणखी वेगळी. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला धर्म मिळाला आणि ख्रिस्त अजून मिळालाच नाही, हे त्यांना पुढे काही वर्षांनी उमगले आणि त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले. एवढ्या विद्वान स्त्रीने हे लिहावे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. त्यांचे केडगावचे मुक्ती मिशन पुढे गवसलेल्या विश्वासावर उभे राहिले. दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि स्त्रिया तिथे आल्या, शिकल्या, छापखान्यात राबल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि ते त्याच छापखान्यात छापले गेले. जिला गावाने टाकले होते, तिने शास्त्राचे खिळे जुळवावेत! विश्वास आणि कृती यांच्या नात्यावर पौल आणि याकोब यांची पत्रे शेजारी ठेवून शतकानुशतके वाद झाले. ते वाद जरूर वाचा, पण केडगाव पाहून झाल्यावर वाचा.

पांडित्य नाही म्हणून कुणी मागे राहू नये. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. तरी संध्याकाळी ‘उपासना-संगीत’ हे गीतांचे पुस्तक तीच उघडायची आणि हवे ते गीत नेमके सापडायचे, कारण त्या पानाच्या कोपऱ्यावर तेलाचा जुना डाग होता. त्या डागावर बोट टेकवून ती गायची, आम्ही मागून.

बायबल उघडाल तेव्हा शुभवर्तमानांपैकी आधी मार्क घ्या; ते सर्वांत छोटे आहे. एका बैठकीत वाचून काढा आणि मग नवव्या अध्यायाकडे परत या. आजारी मुलाला घेऊन आलेला एक बाप तिथे आहे. शिष्यांकडून काही झालेले नाही, भोवती गर्दी वाद घालते आहे. आपला विश्वास आहे असे तो म्हणतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो. येशू त्याला अधिक विश्वास घेऊन ये म्हणून परत पाठवत नाही. तो मुलाचा हात धरतो आणि त्याला उठवतो.