पाय काढण्याआधी

१९७८ साली आमच्या आजीचा उजवा पाय मांडीतून काढला. करंगळीच्या भोवरीला ब्लेड लावलं, जखम चिघळली आणि बोट काळं पडलं. डॉक्टरांनी आप्पांना सांगितलं, साखरेनं पायातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, तिथे रक्त पोचवायला इलाज नाही. पुढे मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर झाले, तेव्हा हेच वाक्य कितीतरी घरांना सांगितलेलं ऐकलं. ते आलं कुठून, याचा मी माग काढला.

मधुमेह आणि गँगरीन यांचं नातं पॅरिसच्या मार्शाल द काल्व्हीनं १८५२ मध्येच मांडलं होतं. १९२२ मध्ये इन्सुलिन आलं. तोवर बेशुद्धीत दगावणारी माणसं आता वर्षानुवर्षं जगू लागली आणि साखरेला पाय पोखरायला वेळ मिळाला. बॉस्टनच्या डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९३४ मध्ये या गँगरीनबद्दल कळकळीनं लिहिलं. पाय धुऊन कोरडे कसे करावेत, नखं कशी कापावीत, हे ते रुग्णांना शिकवत. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

मग १९५९ साली गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. कापलेल्या पायांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी लिहिलं की मधुमेहींच्या सूक्ष्म रोहिण्या आतून भरून जातात. रक्त शेवटच्या टोकालाच अडत असेल तर वरून वाट काढून उपयोग काय? पाच वर्षांनी स्ट्रँडनेस यांनी मधुमेही आणि बिगरमधुमेही पाय ताडून पाहिले. त्यांना असा अडथळा आढळला नाही. पण समज पक्का बसला होता. १९८४ मध्ये लोगर्फो आणि कॉफमन यांना तो पुन्हा खोडून काढावा लागला.

खरी गोष्ट अशी. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की रोहिणीचं आतलं अस्तर बिघडतं, ती हवी तेव्हा सैल होत नाही, भिंतीत चरबी आणि चुना साठतो. मधुमेहात हा अडथळा बहुतेकदा गुडघ्याखालच्या, पोटरीतल्या रोहिण्यांत असतो. पावलावरची रोहिणी पुष्कळदा मोकळी राहते! म्हणजे पायातलीच शीर घेऊन अडथळ्याला वळसा घालत रक्त थेट पावलापर्यंत नेता येतं. बॉस्टनच्या सर्जनांनी असे शेकडो पाय वाचवले. सूक्ष्म वाहिन्या बिघडतात हे खरं, पण त्यांच्यामुळे वाट बंद होत नाही.

यात आणखी एक फसगत आहे. नसा बधिर झाल्यानं चालताना पोटरी दुखत नाही, त्यामुळे रक्त कमी पडतंय हे कळतच नाही. चुन्यानं कडक झालेली रोहिणी प्रेशर मोजायच्या पट्ट्यानं दबत नाही, म्हणून घोट्याचं प्रेशर उगाच चांगलं दिसतं. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघावं लागतं.

आजीच्या पायाची नाडी कुणी हात लावून पाहिली होती का, असं मी आप्पांना विचारलं होतं. त्यांना तसं काही आठवत नव्हतं.

पुढच्या वेळी साखर दाखवायला जाल तेव्हा चप्पल काढा आणि पावलावरची नाडी बघायला सांगा. जखम भरत नसेल आणि कुणी पाय काढायचं म्हणालं, तर आधी रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी करून घ्या, रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा. सही त्यानंतर करा.