गळाच्या दोरीवरील विमान

पतंगाचा दोर ज्यानें एकदां हातांत धरला आहे, त्यास दोर हा नुसता बंध नव्हे हें निराळें शिकवावें लागत नाहीं. बोटांचा हुकूम वर नेणारा आणि वरचें वर्तमान बोटांस आणून देणारा जासूद तोच. हेंच तत्त्व अमेरिकेंतील कांहीं हौशी कारागिरांनीं लहान नमुन्याच्या विमानास लावलें आणि त्यांतून एक नवा खेळ जन्मास आला.

तत्पूर्वीं असें विमान हातांतून सुटलें म्हणजे दैवाधीन होई. कित्येक दिवस खपून तयार केलेलें यंत्र कोठें जाऊन पडेल, याचा नेम नसे. ओरेगन संस्थानांतील ओबा सेंट क्लेअर यानें १९३७ सालापर्यंत दोऱ्यांच्या ताब्यांत राहणारें विमान उडविलें होतें. त्याच संस्थानांतील पोर्टलंड शहरच्या जिम वॉकर यानें १९४० सालीं ‘फायरबॉल’ नांवाचें विमान बाजारांत आणलें व १९४२ सालीं या पद्धतीचें पेटंट मिळविलें. युक्ति साधी होती. विमानाच्या अंगांत एक त्रिकोणी तरफ. तिच्या दोन टोकांस दोन दोऱ्या. तिसऱ्यापासून शेपटीच्या हलत्या पट्टीपर्यंत एक काडी. आणि दोऱ्यांचीं दुसरीं टोकें उडविणाऱ्याच्या मुठींत. मूठ एकीकडे कलली कीं विमान चढे, दुसरीकडे कलली कीं उतरे. खेळाचा प्रसार वॉकरनें केला यांत शंका नाहीं. परंतु १९५५ सालीं न्यायालयांत सेंट क्लेअरचा पूर्वीचा प्रयोग पुढें आला आणि वॉकरचें पेटंट टिकलें नाहीं. युक्ति सर्वांची झाली.

राहिला प्रश्न दोरीचा. १५० ग्रॅम वजनाचें विमान १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत ताशीं ७२ किलोमीटर वेगानें फिरूं लागलें, तर त्याची ओढ वजनाच्या चौपट, म्हणजे सुमारें ६०० ग्रॅम भरते. ही ओढच दोऱ्या ताठ ठेवते. ती थोडी असल्यामुळें दोरी जड किंवा जाड असून चालत नाहीं. वाऱ्याचा अडथळा वाढतो व विमान मंदावतें. मोठ्या विमानांस पोलादी तार शोभते. लहानास मात्र तिचें ओझें होतें, आणि तारेस एकदां मुरड पडली कीं ती तेथेंच दगा देते.

म्हणून लहान विमानवाल्यांनीं मासेमाराकडे धांव घेतली. १९३८ सालीं नायलॉन जाहीर झालें. त्याची एकेरी दोरी, म्हणजे मराठींत जिला तंगूस म्हणतात ती, मजबूत खरी, पण ताणली कीं लांबते. मुठीचा हुकूम विमानापर्यंत पोंचेपर्यंत जमीन जवळ आलेली असते. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन यांनीं पॉलिएस्टर शोधून काढलें. त्याच्या तंतूंचा गोफ विणून केलेली ‘डेक्रॉन’ दोरी कमी लांबे, तिला मुरड पडत नसे, आणि ती स्वस्तहि होती. कॅलिफोर्नियांतील कॉक्स कारखान्याच्या सुमारें ०.८ घनसेंटिमीटर इंजिनाच्या विमानांबरोबर ती असंख्य मुलांच्या हातीं गेली.

पुढची पायरी हॉलंडमध्यें झाली. तेथील डी.एस.एम. कंपनींतील पॉल स्मिथ व पीट लेमस्ट्रा यांनीं १९७९ च्या सुमारास पॉलिथीनच्या अतिदीर्घ रेणूंचें सूत काढण्याची रीत सिद्ध केली. हें सूत पाण्यावर तरंगतें. वजनाच्या मानानें पोलादाहून अनेकपट बळकट असतें. तुटण्यापूर्वीं शेंकडा तीन-चार इतकेंच लांबतें. १९९० नंतरच्या दशकांत त्याचा गोफ गळाची दोरी म्हणून विकूं लागला, आणि लहान विमानवाल्यांनीं तोहि उचलला.

गुणाबरोबर दोष येतातच. हें सूत निसरडें. साधी गांठ सरकते, म्हणून टोंकास अनेक वेढे घेऊन ती आंवळावी लागते. सुमारें १५० अंश उष्णतेस तें वितळतें, तेव्हां तापलेल्या इंजिनापासून दूर ठेवावें लागतें. म्हणूनच उड्डाणापूर्वीं दोऱ्या ओढून पाहण्याची शिस्त पाळली जाते. कारण तुटलेल्या दोरीचें विमान प्रेक्षकांवर जातें. विजेच्या तारांचें भय तर त्याहून मोठें. पोलादी तार त्यांना लागून माणसें दगावलीं आहेत. कोरडा गोफ वीज वाहून नेत नाहीं. पण दंवानें भिजलेल्या दोरीवर कोणी प्राण सोंपवावा? मैदान तारांपासून दूर निवडणें हाच खरा उपाय.

माशासाठीं विणलेली दोरी विमानाच्या कामीं आली, यांत नवल नाहीं. दोहोंकडे मागणी एकच: दुसऱ्या टोंकाची हालचाल बोटांस तत्काळ कळावी, आणि ऐन वेळीं धागा तुटूं नये.