संपूर्ण बायबल : वर्षभराचा नित्यपाठ

बायबल घरात असणे आणि बायबल वाचलेले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ख्रिस्ती घरांतूनही तेविसावे स्तोत्र, डोंगरावरील प्रवचन, उधळ्या पुत्राचा दाखला आणि नाताळच्या सुमारास लूककृत शुभवर्तमानातील जन्मकथा एवढा भाग पुन्हा पुन्हा वाचला जातो. ओबद्या किंवा हबक्कूक हे संदेष्टे मात्र वर्षानुवर्षे न उघडलेल्या पानांत पडून राहतात. 'यंदा सगळे बायबल वाचून काढायचे' असा संकल्प नववर्षाच्या पहिल्या दिवशी करणारे पुष्कळ असतात. त्यांपैकी अनेकांची गाडी फेब्रुवारीत अडते, आणि ती कोठे अडते हेही आता जवळजवळ म्हणीसारखे झाले आहे : लेवीय या तिसऱ्या पुस्तकात.

अडचण वेळेची आहे, असा सर्वसाधारण समज असतो. आकडेमोड केली तर तो टिकत नाही. प्रॉटेस्टंट परंपरेच्या बायबलमध्ये जुन्या कराराची ३९ व नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तके आहेत. कॅथलिक परंपरेत ही संख्या ७३ होते. ६६ पुस्तकांचे अध्याय १,१८९ भरतात. एरवी रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले, तर बावन्न आठवड्यांत ग्रंथ पुरा होतो. इंग्रजीतील प्रसिद्ध किंग जेम्स भाषांतरात सुमारे ७ लाख ८० हजार शब्द आहेत. मिनिटाला दोनशे शब्द या बेताच्या गतीने ते वाचायला ६५ तास लागतात, म्हणजे रोजची अकरा मिनिटे. मराठीत आकडा थोडा बदलेल, पण हिशेब फारसा बदलणार नाही. ज्ञानेश्वरी किंवा गुरुचरित्राप्रमाणे सप्ताहात पारायण उरकावे, अशा आकाराचा हा ग्रंथ नव्हे. त्याला नित्यपाठच हवा. त्या नित्यपाठाला लागणारा वेळ मात्र सकाळच्या चहाइतकाच आहे.

खरी अडचण क्रमाची आहे. उत्पत्तीचे पन्नास अध्याय कथेच्या ओघात सरतात. निर्गमाचा पूर्वार्धही तसाच. पंचविसाव्या अध्यायापासून मात्र निवासमंडपाचे पडदे, फळ्या, आकडे व खुंट्या यांची मापे सुरू होतात आणि पस्तिसाव्यापासून तोच तपशील, आता प्रत्यक्ष बांधणीच्या निमित्ताने, पुन्हा येतो. त्यानंतर लेवीय : बलिदानांचे प्रकार, त्वचारोगांची लक्षणे, घराच्या भिंतीला लागलेला चट्टा याजकाने कसा तपासावा, याचे नियम. रोज सव्वातीन अध्यायांच्या गतीने एक जानेवारीला निघालेला वाचक बरोबर जानेवारीच्या अखेरीस या पुस्तकात शिरतो. नव्या वर्षाचा उत्साह ओसरण्याची वेळही तीच! पुढे गणना या पुस्तकातील शिरगणती वाट पाहत असतेच.

या कोड्याचे सर्वांत चतुर उत्तर स्कॉटलंडमधील एका तरुण धर्मोपदेशकाने शोधले. रॉबर्ट मरे मॅकशेन यांचा जन्म १८१३ साली एडिंबरा येथे झाला. १८३६ मध्ये ते डंडी या गिरण्यांच्या शहरातील सेंट पीटर्स चर्चचे पाळक झाले. १८४२ च्या अखेरीस त्यांनी आपल्या मंडळीसाठी एक वार्षिक तक्ता तयार केला. त्यात रोज चार वाचने आहेत : दोन कुटुंबाने एकत्र करावयाची आणि दोन प्रत्येकाने एकांतात. वर्षअखेर जुना करार एकदा, तर नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होतात. तक्त्याची खुबी अशी की हे चार प्रवाह एकाच वेळी चार ठिकाणांहून निघतात. एक जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चारही पुस्तकांचे पहिले अध्याय वाचायचे. सृष्टीचा आरंभ, ख्रिस्ताचा जन्म, हद्दपारीतून परतणारे यहुदी आणि नव्याने उभी राहणारी मंडळी असे चार प्रारंभ एका दिवसात समोर येतात. ज्या दिवशी वाचक लेवीयात असतो, त्या दिवशी त्याच्या हातात आणखी तीन पुस्तकेही असतात. त्यामुळे एक वाट रुक्ष झाली तरी प्रवास थांबत नाही.

वाचनाचा सामायिक क्रम ही कल्पना मॅकशेन यांची नव्हे. यहुदी सभास्थानांत तोरेचे ५४ भाग करून ती वर्षभर वाचण्याची परिपाठी फार जुनी आहे. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीने मठवासीयांना आठवड्यात दीडशेही स्तोत्रे म्हणावयास लावली. इंग्लंडमध्ये थॉमस क्रॅनमर यांनी १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाच्या प्रस्तावनेत तक्रार केली आहे की, पुस्तके वाचावयास घेतली जातात आणि अर्ध्यावर टाकली जातात. फेब्रुवारीत अडणाऱ्या वाचकाला हे वाचून थोडा दिलासा मिळावा.

मॅकशेन यांचे वेगळेपण असे की, तक्ता देतानाच त्यांनी त्याचे धोकेही लिहून ठेवले. वाचन हा नुसता रिवाज होईल. ठरलेला भाग संपवला म्हणजे आपण धार्मिक झालो, असे वाटू लागेल. काही जण घाईने, निष्काळजीपणे वाचतील. आणि कित्येकांना ते खांद्यावरचे जू वाटेल. आजच्या मोबाइलवर रोजच्या वाचनापुढे बरोबरची खूण उमटते व सलग दिवसांची संख्या वाढत जाते, तेव्हा यांतील पहिले दोन धोके किती नेमके होते हे कळते. फायद्यांची यादीही त्यांनी दिली आहे, आणि ती व्यवहारी आहे. आज काय वाचावे हे शोधण्यात वेळ जाणार नाही, आईवडिलांना मुलांशी बोलायला रोज विषय मिळेल आणि कळप कोणत्या कुरणात चरतो आहे हे पाळकाला ठाऊक असेल. सवय टिकते ती एकट्याच्या निश्चयावर कमी आणि 'आज तुमचे काय वाचून झाले?' असे विचारणाऱ्या माणसावर जास्त, हे त्यांनी हेरले होते. दुर्दैवाने स्वतः मॅकशेन यांना या तक्त्याचे एक वर्षही लाभले नाही. २५ मार्च १८४३ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षात, टायफसच्या तापाने त्यांचे निधन झाले. तक्ता मात्र उरला. लंडनचे मार्टिन लॉइड-जोन्स आणि जॉन स्टॉट यांच्यासारख्या विसाव्या शतकातील नामांकित प्रवचनकारांनी तो वापरला.

रोज चार वाचने हा भार नवशिक्याला जड वाटणे शक्य आहे. त्याने पहिल्या वर्षी दोनच प्रवाह घ्यावेत, एक जुन्या करारातील आणि एक नव्या करारातील, व तक्ता दोन वर्षांत पुरा करावा. यात कमीपणा काहीच नाही. आरंभासाठी एक जानेवारीची वाट पाहण्याचेही कारण नाही. वाचनाची वेळ घड्याळावर बांधण्यापेक्षा आधीच होत असलेल्या एखाद्या कामाला जोडावी : चहा झाला की, किंवा लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला व २०१० साली तो प्रसिद्ध झाला. कृती आपोआप होऊ लागायला त्यात मध्यमानाने ६६ दिवस लागले. व्यक्तीपरत्वे हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. (बायबलच्या पुस्तकांची संख्याही ६६ आहे, हा निव्वळ योगायोग.) त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, एखाद्या दिवसाचा खाडा पडल्याने सवय जडण्यात फारशी बाधा येत नाही.

खाड्याविषयी जरा अधिक सांगायला हवे, कारण बहुतेक संकल्प तेथेच बुडतात. तीन दिवस राहिले की नऊ-दहा अध्यायांची थकबाकी होते, आठवडाभर राहिले की ती फेडणे अशक्य वाटू लागते आणि ग्रंथ कपाटात जातो. थकबाकी भरत बसू नये. चालू तारखेचे वाचन करावे आणि सुटलेला भाग पुढच्या फेरीसाठी ठेवावा. अमेरिकेतील नॅव्हिगेटर्स या संस्थेच्या 'डिसायपलशिप जर्नल'च्या योजनेत तर महिन्याला पंचवीसच वाचने दिली आहेत. उरलेले दिवस मागे पडलेल्यांसाठी मोकळे. मनुष्यस्वभावाची इतकी उत्तम जाण तक्ते करणारे क्वचितच दाखवतात.

भाषांतराची निवड हाही सवयीचाच भाग आहे, कारण वाक्यावाक्याला अडखळणारा वाचक फार दिवस टिकत नाही. पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशा साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. १९२२ साली त्या गेल्या. त्यांचे संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. उस्मानाबाद येथील २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' हे अलीकडचे उदाहरण. ज्यांना वाचण्यापेक्षा ऐकणे सोयीचे, त्यांचीही आता सोय आहे. अमेरिकेतील फादर माइक श्मिट्झ यांनी जानेवारी २०२१ मध्ये ३६५ भागांची श्राव्यमालिका सुरू केली, तेव्हा ती तेथील अ‍ॅपलच्या पॉडकास्ट यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती.

इतका खटाटोप करून सगळेच का वाचावे, निवडक उतारे पुरेसे नाहीत का, हा प्रश्न रास्त आहे. निवडक वाचणारा आपल्या मनाला रुचेल तेवढेच बायबल हाती ठेवतो. यहोशवाच्या पुस्तकातील नगरांचा संहार आणि शास्ते पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांतील, स्त्रीवरील अत्याचाराची भीषण कथा तो टाळतो. आणि त्यानंतर लगेच येणाऱ्या रूथच्या चिमुकल्या, प्रेमळ गोष्टीचे मोल त्याला पुरते कळत नाही. नीतिसूत्रे सांगतात की सन्मार्गी माणसाचे बरे होते. ईयोबाचे सारे पुस्तक त्या सुभाषिताला विचारलेला प्रश्न आहे. एकच वाचणाऱ्याला तयार उत्तर मिळते, तर दोन्ही वाचणाऱ्याला त्या ग्रंथात शतकानुशतके चाललेला वाद ऐकू येतो. श्रद्धावंताला यातील काही भाग अस्वस्थ करील, ख्रिस्तेतर अभ्यासकाला काही भाग परका वाटेल. दोघांनीही तो ओलांडून जाऊ नये.

मॅकशेन यांच्या तक्त्यात ३१ डिसेंबरला २ इतिहास या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय येतो. यरुशलेम जळते, लोक बाबेलला नेले जातात आणि अखेरच्या दोन वचनांत पारसाचा राजा कोरेश त्यांना परत जाण्याची मोकळीक देणारा जाहीरनामा काढतो. पुस्तक त्या जाहीरनाम्याच्या मधेच थांबते. दुसऱ्या दिवशी, एक जानेवारीला, एज्राचा पहिला अध्याय उघडला की तोच जाहीरनामा पुन्हा सुरू होतो, आणि या वेळी तो पूर्ण वाचायला मिळतो.