तुरुंगात कुणाला कुठं ठेवायचं, हे कोण ठरवतं?

वागळे इस्टेट, किसननगर, हाजुरी या भागातल्या कुणाला न्यायालयीन कोठडी मिळाली की घरच्यांची पहिली धावपळ ठाणे मध्यवर्ती कारागृहाकडे होते. कधी तळोजा, कधी कल्याणचं आधारवाडी. मुलाखतीच्या रांगेत जामीन, कपडे, औषधं, मनीऑर्डर यांची चौकशी होते. 'त्याला कुठल्या विभागात ठेवलंय आणि का?' हे मात्र फार थोडे लोक विचारतात. खरं तर आतले दिवस कसे जाणार, हे बरंचसं त्याच उत्तरावर ठरतं.

साध्या बॅरेकमध्ये माणसांत राहता येतं, जमातीनं नमाज पढता येते, रमजानमध्ये सहरी-इफ्तारला सोबत असते. अतिसुरक्षा विभागात किंवा अंडा सेलमध्ये हे सगळं आकसतं. तळोजात ऑक्टोबर २०२१ मध्ये गौतम नवलखा यांना बॅरेकमधून अंडा सर्कलमध्ये हलवलं. त्यांचं मोकळ्या हवेतलं फिरणं आणि घरी येणारे फोन बंद झाल्याची तक्रार तेव्हा त्यांच्या कुटुंबानं जाहीरपणे केली होती. वयाची सत्तरी आलेले नवलखा तेव्हा कच्चे कैदी होते, म्हणजे खटला निकाली निघालेला नव्हता.

कायदा याबाबत काय म्हणतो? १८९४ च्या कारागृह कायद्याचं कलम २७ पुरुष आणि स्त्रिया, एकवीस वर्षांखालील मुलं आणि मोठी माणसं, कच्चे आणि पक्के, दिवाणी आणि फौजदारी कैदी यांना वेगळं ठेवायला सांगतं. पण कोणता माणूस किती धोकादायक, हे मोजायचं कसं, ते या कलमात नाही. ते नियमावलीवर आणि अधीक्षकांच्या अधिकारावर सोडलेलं आहे. आत येताना हातात असतं ते वॉरंट, त्यावरची कलमं आणि मागच्या गुन्ह्यांची नोंद. मकोका किंवा यूएपीए दिसलं की माणूस सहसा कडक पहाऱ्यात जातो. त्याचं वागणं, तब्येत, वय, घरचा आधार या गोष्टी नंतर बघायच्या असतात, आणि ते 'नंतर' पुष्कळदा येतच नाही.

२०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ७५.८ टक्के कच्चे होते. म्हणजे धोक्याचा शिक्का बहुतेक वेळा दोष सिद्ध न झालेल्या माणसावर बसतो. ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातले शिक्षक अब्दुल वाहिद शेख २००६ मध्ये पकडले गेले आणि २०१५ मध्ये निर्दोष सुटले. उरलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयानं २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडलं. (सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.) कलम बघून श्रेणी ठरवली की अशी चूक एकोणीस वर्षं चालू शकते.

इतर देशांत काय होतं तेही बघण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये १९६६ साली जॉर्ज ब्लेक नावाचा हेर लंडनच्या तुरुंगातून पळाला. चौकशी सोपवली ती लॉर्ड माउंटबॅटन यांच्याकडे, आपले शेवटचे व्हॉइसरॉय तेच. त्यांच्या अहवालातून ए, बी, सी, डी अशा चार श्रेणी आल्या. 'ए' म्हणजे पळाला तर समाजाला मोठा धोका, 'डी' म्हणजे खुल्या तुरुंगात ठेवण्याजोगा. श्रेणी कायमची नसते, ठरावीक मुदतीनं तपासली जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये ओहायोच्या अतिकडक तुरुंगाबद्दल निकाल दिला. तिथं पाठवायचं तर कारण सांगितलं पाहिजे, कैद्याला उत्तर देऊ दिलं पाहिजे आणि पुढे फेरतपासणी झाली पाहिजे, असा त्याचा अर्थ. संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांनुसार दिवसाचे बावीस तास किंवा अधिक एकट्याला कोंडणं सलग पंधरा दिवसांपुढे नेता येत नाही.

आपल्याकडेही हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. १९८० ते ८३ दरम्यान न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला समितीनं शास्त्रीय वर्गीकरणाचा आग्रह धरला होता. हे मुल्ला म्हणजे उर्दूचे साहित्य अकादमी विजेते शायर! केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यातही सुरक्षा मूल्यांकनाची तरतूद आहे. कागदावर कमी काही नाही.

घरच्यांच्या खऱ्या कामाचे निकाल तीन. पहिला, १९७९ चा सुनील बत्रा यांचा दुसरा निकाल. शिक्षेसारखी वेगळी कोठडी, सवलती काढणं किंवा त्रास व्हावा अशी दुसऱ्या तुरुंगात बदली सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून गेल्याशिवाय होऊ नये आणि तातडी असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवावं, असं त्यात म्हटलं आहे. दुसरा आपल्या राज्यातला, २०१२ चा 'महाराष्ट्र शासन विरुद्ध सईद सोहेल शेख'. आर्थर रोडमधल्या कच्च्या कैद्यांना बाहेरच्या तुरुंगांत हलवलं होतं. कच्चा कैदी न्यायालयाच्या ताब्यात असतो, त्यामुळे त्याला हलवण्याची परवानगी हा न्यायिक निर्णय आहे, नुसता शिक्का मारायचं काम नाही आणि कैद्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं.

तिसरा ३ ऑक्टोबर २०२४ चा, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा. जातीवरून काम वाटणं घटनाबाह्य ठरलं, रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं, आणि 'सराईत' कुणाला म्हणायचं ते राज्याच्या सराईत गुन्हेगार कायद्यातल्या व्याख्येनुसारच ठरवायचं असं बजावलं. अमुक जमातीचा म्हणून सराईत, हे आता चालणार नाही. आपल्यातल्या छप्परबंद कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं, विमुक्त जातींच्या यादीत त्यांचं नाव आहे.

माणूस कडक विभागात असेल तर अधीक्षकांना लेखी अर्ज करा. तिथं का ठेवलं, कुठल्या आदेशानं आणि फेरविचार कधी, हे तीन प्रश्न त्यात हवेत. आजारपणाचे कागद आणि पहिलाच गुन्हा असेल तर तसा उल्लेख जोडा, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर वकिलांमार्फत खटला चालू असलेल्या न्यायालयात अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर ठाणे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

शिक्षा झालेल्यांचा प्रश्न थोडा वेगळा. फर्लो म्हणजे संचित रजा, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि खुल्या कारागृहात बदली, या तिन्हींत आतल्या वागणुकीची नोंद बघतात. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत १९३९ पासून याच विश्वासावर चालते. त्यामुळे आतल्या माणसानं केलेलं काम, पास केलेली परीक्षा, सगळ्याची नोंद वेळच्या वेळी करून घ्यायला सांगा. मुलाखतीला जाल तेव्हा तेवढं एक वाक्य जरूर बोला.