जुन्या लेथवरील गिअर

लेथच्या स्पिंडलची गती उतरवून जोर वाढवणारी, तसेच स्पिंडलच्या फेऱ्यांशी हत्याराची चाल बांधून ठेवणारी दंतचक्रे. पहिले काम बॅक गिअरचे, दुसरे चेंज गिअरचे. पुण्याच्या भोसरी-पिंपरी पट्ट्यातील टर्नरांना किर्लोस्कर समूहाच्या हरिहर येथील कारखान्याचे (स्थापना १९४१) लेथ परिचयाचे आहेत. त्यांतील एंटरप्राइजसारख्या लेथना गिअरबॉक्स असला, तरी डाव्या झाकणाआड चेंज गिअर असतातच.

बॅक गिअर : कोन पुलीच्या लेथवर बुल गिअरची (स्पिंडलवर पक्क्या बसवलेल्या मोठ्या चक्राची) पिन ओढली की पुली स्पिंडलवर मोकळी फिरते. मग मागचा दांडा हँडलने पुढे आणला की पुलीची गती चक्रांच्या दोन जोड्यांतून उतरत बुल गिअरला मिळते. तीन पायऱ्यांच्या पुलीवर असे सहा वेग होतात. पिन न ओढता बॅक गिअर गुंतवला तर स्पिंडल जागीच अडकतो. घट्ट बसलेला चक सोडवायला काही जण हाच मार्ग धरतात. तो टाळावा, कारण त्यात बिडाचे दाते तुटतात आणि जुन्या यंत्राला तसे चक्र सहज मिळत नाही.

चेंज गिअर : आटे पाडताना चालक चक्राच्या दात्यांना चालित चक्राच्या दात्यांनी भागले की जे गुणोत्तर येते, तेच पाडायच्या आट्याची पिच आणि हत्याराचे सॅडल सरकवणाऱ्या लीड स्क्रूची पिच यांचे असावे लागते. लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा असेल आणि इंचाला ८ आटे हवे असतील, तर ३० आणि ६० दात्यांची जोडी चालते. मधले साधे चक्र कितीही दात्यांचे असो, गुणोत्तर बदलत नाही. फक्त दिशा उलटते. डावे आटे पाडण्यासाठी टंबलर गिअर याच गुणाचा उपयोग करतो.

जुन्या लेथबरोबरच्या संचात १२७ दात्यांचे चक्र सापडले तर ते जपून ठेवावे. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, पण इंची लीड स्क्रूचे लेथ कामावर राहिले. १ इंच म्हणजे २५.४ मिमी, अर्थात १२७ भागिले ५. त्यामुळे वरच्याच लीड स्क्रूवर २ मिमी पिचसाठी ४० चालक आणि १२७ चालित ही जोडी तंतोतंत बसते. १२७ नसेल तर ६३ चालक आणि २०० चालित या गुणोत्तराने काम भागते. मीटरभर लांबीत सुमारे ०.१२५ मिमी चूक येते. साध्या नट-बोल्टला ती खपते, अचूक लीड स्क्रूला नाही. २०० दात्यांचे चक्र संचात नसते, म्हणून हे गुणोत्तर दोन जोड्यांत विभागतात.

इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना मात्र सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट मध्येच उघडू नये. नट केव्हा बसवायचा ते दाखवणारा थ्रेड डायल येथे खूण देत नाही, आणि नट पुन्हा बसवला की हत्यार जुन्या खाचेत पडेलच असे नाही. प्रत्येक कापणीनंतर हत्यार मागे घ्यावे, मोटर उलटी फिरवून सॅडल सुरुवातीला आणावे आणि मगच पुढची खोली द्यावी.