नेत्रांतील निळाई आणि ठिसूळ हाडें

आमच्या सातारा-सांगलीकडे हाड मोडलें कीं हाडवैद्य गांठावयाचा आणि दृष्टि अधू झाली कीं मिरजेची वाट धरावयाची, असा प्रघात पिढ्यान्‌पिढ्यांचा. डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उघडलें आणि मोतीबिंदू काढून घेण्यास दूरदूरचे लोक तेथें लोटूं लागले. हाडाचें दार निराळें, डोळ्याचें निराळें. परंतु एक विकार असा आहे कीं, तो मोडतो हाड आणि खूण ठेवतो डोळ्यांत. अशा रोग्याच्या डोळ्यांतील पांढरा भाग निळसर, पाटीच्या दगडासारखा दिसतो.

सुश्रुतानें नेत्राच्या शुक्लभागाचे अकरा रोग मोजले. मोडक्या हाडांशीं त्यांतील एकाचाहि संबंध लावलेला नाहीं. युरोपांतहि ही जोडी सावकाशच जुळली. स्वीडनच्या एकमननें १७८८ सालीं एका कुटुंबांतील तीन पिढ्यांचीं ठिसूळ हाडें वर्णिलीं. १८३१ सालीं ॲक्समन या जर्मन वैद्यानें आपलीं व आपल्या भावांचीं वारंवार मोडणारीं हाडें सांगतांना डोळ्यांच्या निळाईचीहि नोंद केली. येथें रोगी स्वतःच वैद्य होता, म्हणूनच बहुधा ती नजरेस आली! पुढें १९०० सालीं इंग्लंडांत एडोजनें कारण सुचविलें. ही निळाई म्हणजे रंग नव्हेच. विरळ मलमलीखालीं काळें वस्त्र ठेवावें, तसा आंतला काळसर पडदा विरळ शुभ्र पटलांतून दिसतो. आणि ज्या तंतूंची उणीव डोळ्यांत, त्यांचीच हाडांत.

त्या तंतूंच्या द्रव्याचें नांव कोलॅजेन. मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन् व गोपीनाथ कर्था यांनीं १९५४ सालीं त्याचा तिपेडी घाट दाखविला. पेड सदोष किंवा अपुरे निघाले कीं दोर कच्चा.

हें घरोघर कळणें अगत्याचें आहे. उंबऱ्याला अडखळून ज्या मुलाचें हाड मोडतें, त्याच्या आईस शेजारीं हलगर्जी म्हणतात, बापानें मारलें असावें असा संशय घेतात. शाळेंत तें धांदरट ठरतें. मामाची मुलगी केल्याचें हें फळ, असाहि ठपका येतो. वस्तुतः बहुतेक घरांत हा दोष आईबापांपैकीं एकाकडून येतो किंवा मुलांतच नव्यानें उपजतो. नात्यांतील विवाहाचा संबंध कांहीं विरळ प्रकारांशींच आहे.

उलट, निळाई दिसली कीं घाबरूंहि नये. तान्ह्या मुलांत ती स्वाभाविक असते. शरीरांतील लोह घटल्यानेंहि ती येते. आणि कांहीं रोग्यांचे डोळे पांढरेशुभ्रच राहतात. म्हणून हाडें वारंवार मोडत असतील, तर केवळ डोळे स्वच्छ आहेत एवढ्यावरून निर्धास्त होतां येत नाहीं.